विष माशाचं की काट्याचं?

प्रश्न सोलापूरहून आला आहे. अंदमानला डायव्हिंग करताना एका मुलीला लायनफिश दिसला. फोटोखाली तिनं 'विषारी मासा' असं लिहिलं, तर काकांनी हरकत घेतली: "विषारी असता तर लोकांनी खाल्ला असता का?" मग म्हणायचं काय? आणि तो 'चावतो' की 'डंख मारतो'?

काकांचं निम्मं बरोबर आहे. लायनफिश खातात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये हा परका मासा पहिल्यांदा आढळला. पुढे त्याचा इतका सुळसुळाट झाला की आता तो कमी व्हावा म्हणून मुद्दाम मारून खातात. विष आहे ते काट्यांत: पाठीवर १३, पोटाखाली २, शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूला ३. आयाळीसारखे पसरलेले जे पर बघून आपण भाळतो, त्यांत विष नाहीच. कोकणातल्या केंड माशाचं उलट आहे. त्याचं विष अंगात असतं आणि शिजवूनही जात नाही.

'विषारी' हा शब्द मराठीत दोन्हीकडे चालतो: विषारी साप, विषारी अळंबी. सर्पमित्रांचे 'बिनविषारी' आणि 'निमविषारी' दंशापुरते ठीक आहेत. कुणी 'विषधर' सुचवेल, पण त्यानं फणा काढलेला नागच डोळ्यांपुढे येतो. मला विचाराल तर नवा शब्द नकोच. विशेषण माशावरून काढून काट्याला लावा: 'विषारी काट्यांचा मासा'. काकांची तक्रार तिथंच मिटते.

क्रियापदाचं जरा अवघड आहे. आपलं 'चावणे' भलतंच उदार! साप चावतो, विंचू चावतो, डास चावतो, नवी चप्पलसुद्धा चावते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत विचारून बघा. साप 'करिचिंदि', पण विंचू 'कुट्टिंदि'. आणि 'कुट्टु' म्हणजे शिवणंसुद्धा! विणकरांच्या वस्तीत याहून चपखल क्रियापद कुठलं मिळणार?

लायनफिशला मात्र यातलं एकही लागू नाही, कारण तो आपण होऊन विष टोचत नाही. काट्याच्या खोबणीत विषग्रंथी असते, वर पातळ कातडीचं आवरण. आपला हात दाबला गेला की आवरण मागे सरकतं आणि विष जखमेत उतरतं. म्हणून शिंगाळ्याचा 'काटा लागला' म्हणतात तसंच इथंही म्हणावं. विंचूमासे याच्याच कुळातले, त्यामुळे 'नांगी' म्हणायचा मोह होईल. पण नांगी शेपटीच्या टोकाला असते, पाठीवर नव्हे. शिवाय डिवचल्यावर हा मासा सहसा पळत नाही, पाठीचे काटे तुमच्याकडे रोखतो. त्याला 'नांगी टाकणे' कुठून शोभणार?

काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवतात, कारण प्रथिनांचं हे विष उष्णतेनं निकामी होतं. मग डॉक्टरकडे जायचंच.