ब्रिटिश स्पीडवेच्या दुसऱ्या श्रेणीतला विजेता संघ वरच्या श्रेणीत का जात नाही?

आपला प्रश्न असा आहे की ब्रिटनमधील स्पीडवे मोटारसायकल शर्यतींच्या दुसऱ्या श्रेणीत जो संघ अजिंक्य ठरतो, तो पुढच्या वर्षी वरच्या श्रेणीत का दिसत नाही. 2018 साली मी नोकरीनिमित्त इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रिया परगण्यात राहत होतो आणि दुसऱ्या श्रेणीतल्या वर्किंग्टन कॉमेट्स या तिथल्या संघाचे सामने डर्वेंट पार्क या मैदानावर जाऊन पाहत असे, म्हणून त्याच मोसमाच्या आधारे उत्तर देतो.

फुटबॉलमध्ये असतो तसा आपोआप बढती आणि घसरणीचा नियम स्पीडवेत रुजलेला नाही. कोणत्या श्रेणीत उतरायचे हे मुख्यतः संघाचा मालक आपला खर्च आणि प्रेक्षकसंख्या पाहून ठरवतो. 2018 नंतर इप्सविच आणि पीटरबरो हे संघ दुसरी श्रेणी, म्हणजे चॅम्पियनशिप, सोडून वरच्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियरशिपमध्ये, गेले. पण त्या वर्षीचे विजेते ते नव्हतेच. उलट लेस्टर प्रीमियरशिपमधून खाली आला आणि त्याने 2019 ची चॅम्पियनशिप जिंकली.

दुसरे कारण माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. एका सामन्यात पंधरा हीट, म्हणजे छोट्या शर्यती, असतात आणि प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन रायडर चार फेऱ्या मारतात. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि शेवटच्याला 0 असे गुण मिळतात. प्रत्येक रायडरच्या गुणांची सरासरी वर्षभर काढली जाते आणि सात जणांच्या सरासऱ्यांची बेरीज ठरवून दिलेल्या मर्यादेत बसली तरच नवा संघ मान्य होतो. ज्या संघाचे रायडर मोसमात सुधारतात, त्यांच्या सरासऱ्या वाढतात आणि तोच संघ पुढच्या वर्षी मर्यादेबाहेर जातो. म्हणजे ज्यांनी जिंकून दिले, त्यांच्यापैकी एकदोघांना सोडावेच लागते. श्रेणी तुल्यबळ राहावी म्हणून केलेला हा नियम मला मान्य आहे, तरी एखाद्या मुलाला एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत राखीव जागेवरून वर चढताना पाहिल्यावर तो निघून जातो तेव्हा वाईट वाटतेच.

या खेळाचे आकर्षण मात्र वळणापाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. 500 सीसीचे इंजिन मिथेनॉलवर चालते, गाडीला ब्रेक नसतो आणि गिअर एकच असतो. सुरुवातीच्या रेषेवरची टेप वर उडाल्यावर चौघेही एकाच वेळी पहिल्या वळणात शिरतात, डाव्या पायाच्या बुटाखालचा पोलादी तळ जमिनीला टेकवतात आणि मागचे चाक बाहेर फेकत गाडी आडवी सरकवतात. ट्रॅकवर पसरलेल्या लाल शेलचा, म्हणजे दगडी भुग्याचा, मारा कुंपणापलीकडे येतो. माझ्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिलीने गुण भरताना त्याचे कण कागदावर पडत आणि आकडे पुसट होत. काही हीटनंतर ट्रॅक्टर येऊन ट्रॅक सारखा करी, आणि त्या पाचसात मिनिटांत शेजारचे अनोळखी गृहस्थसुद्धा मला पुढच्या हीटचा हिशेब समजावून सांगत.

त्या वर्षी कॉमेट्सनी चॅम्पियनशिप, नॉकआउट कप आणि शील्ड असे तिन्ही मान मिळवले. अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी लेकसाइड हॅमर्सची अवस्था अशी होती की अरीना एसेक्स हा आपला ट्रॅक सोडावा लागल्याने मोसमाच्या अखेरीस ते राय हाउसच्या ट्रॅकवर 'घरचे' सामने खेळत होते, आणि खुद्द राय हाउसचा संघ प्रीमियरशिपमधून मध्यावरच बाहेर पडला होता. अंतिम फेरी संपल्यावर काही आठवड्यांतच कॉमेट्सनी 2019 मध्ये उतरणार नसल्याचे जाहीर केले. वरच्या श्रेणीत जाण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण संघच उरला नाही. पुढे काही वर्षांनी शहराच्या नॉर्थसाइड भागात नवा ट्रॅक झाला आणि त्याच नावाने पुन्हा शर्यती सुरू झाल्या.

त्या संघातून पुढे आलेला कंब्रियाचाच डॅन ब्यूली मात्र खरोखर वर गेला. 2018 मध्ये त्याला गंभीर दुखापत झाली होती; त्यातून सावरून 2022 साली त्याने कार्डिफची ब्रिटिश ग्रांप्री जिंकली.