उंदराचे उत्तर माणसाला कितपत लागू पडते?

प्रश्न : जिवाणूंच्या संसर्गाला शरीर कसा प्रतिकार करते, याचा अभ्यास बहुधा उंदरांवर होतो. उंदरात गुणकारी ठरलेली कित्येक औषधे पुढे माणसात निष्प्रभ ठरतात, असेही वाचनात येते. पेशी काचेच्या बशीत वाढवता येत असताना प्राण्यांचा अट्टहास कशासाठी? – एक वाचक

उत्तर : बशीतली पांढरी पेशी जिवाणू गिळताना दिसते, हे खरे, पण प्रतिकार हे एकट्या पेशीचे काम नाही. फुप्फुसात जिवाणू शिरले की तिथल्या भक्षक पेशी रासायनिक संदेश सोडतात, रक्तातून मदतीला पेशी येतात, आणि काही पेशी जिवाणूचे अंश घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत पोहोचतात, जिथे ते अंश ओळखणाऱ्या टी पेशींची संख्या वाढायला काही दिवस लागतात. अनेक अवयवांतून चालणारा हा व्यवहार बशीत मांडता येत नाही. शिवाय रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा जिवाणू नेमके कधी आणि किती शिरले, हे कोणालाच ठाऊक नसते. प्राण्यात मात्र ती वेळ, मात्रा आणि शिरण्याचा मार्ग संशोधकानेच ठरवलेला असतो.

उंदरावर भर असण्याचे मोठे कारण म्हणजे त्याचे एखादे जनुक निकामी करून परिणाम पाहता येतो. इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन तयार न करू शकणारे उंदीर क्षयाच्या जिवाणूंपुढे लवकर बळी पडतात, हे 1993 मध्ये दिसले. त्यानंतर 1996 मध्ये या प्रथिनाचा ग्राहक (त्याचा संदेश स्वीकारणारा पेशीवरचा रेणू) सदोष असलेली मुले आढळली आणि एरवी निरुपद्रवी ठरणाऱ्या, क्षयजिवाणूंच्या कुळातल्या जिवाणूंनीही ती गंभीर आजारी पडत होती. इथे उंदराने दिलेले उत्तर माणसालाही लागू पडले.

मात्र ते नेहमी पडत नाही. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल बहुसंख्य असतात, तर उंदरात लिम्फोसाइट. क्षयाचा संसर्ग झालेल्या माणसाच्या फुप्फुसात मध्यभागी मृत ऊती असलेल्या गाठी होतात. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांत तशा सहसा होत नाहीत, गिनीपिगमध्ये होतात. लिस्टेरिया या जिवाणूचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. आतड्याच्या पेशीत शिरण्यासाठी तो ई-कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतो. पण उंदराच्या ई-कॅडहेरिनमध्ये एका ठिकाणचे अमिनो आम्ल वेगळे असल्यामुळे ती पकड बसत नाही. म्हणून पोटातून होणारा हा संसर्ग समजून घ्यायला साधा उंदीर अपुरा पडतो, आणि तोच जिवाणू थेट रक्तात सोडल्यावर टी पेशींचे काम अभ्यासायला मात्र तो उत्तम ठरतो. 'मॉडेल' या शब्दामुळे हुबेहूब प्रतिकृतीचा भास होतो, तो मनातून काढलेला बरा. प्राणी तोच असला, तरी एका प्रश्नाला तो योग्य असतो आणि दुसऱ्याला नसतो.

कधीकधी प्राण्यातला दोषच वाट दाखवतो. काही जिवाणूंच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिन या विषाच्या ज्या मात्रेने इतर उंदीर दगावतात, ती सी3एच/एचईजे या वाणाचे उंदीर सहज पचवत. ते अधिक काटक असावेत असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात साल्मोनेलाचा संसर्ग झाल्यावर तेच लवकर मरत. ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने 1998 मध्ये याचे कारण टीएलआर4 या जनुकातील बिघाडात शोधले. त्या उंदरांना विष बाधत नव्हते, कारण शत्रू आल्याचे त्यांना कळतच नव्हते. तत्पूर्वी ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने फळमाशीत टोल हे टीएलआर4 शी साम्य असलेले जनुक बुरशीविरुद्धच्या बचावाला आवश्यक असल्याचे दाखवले होते. 2011 च्या नोबेल पारितोषिकात या दोघांचाही वाटा होता.

औषधांच्या अपयशाचे एक कारण मात्र प्राण्यात नसून प्रयोगाच्या आखणीत असते. कित्येक प्रयोगांत औषध संसर्गाच्या आधी किंवा त्यानंतर काही तासांतच दिले जाते, आणि ते उंदीर एकाच वाणाचे, एकाच वयाचे, इतर जंतूंपासून दूर वाढवलेले असतात. रुग्ण येतो तो काही दिवस ताप अंगावर काढून, बहुधा वयस्कर आणि आधीचे आजार घेऊन. तेव्हा 'उंदरांवर यशस्वी' अशी बातमी दिसली, तर औषध संसर्गानंतर किती वेळाने दिले होते, हे आधी शोधावे.