छापखान्यात फाइल पाठवण्यापूर्वी

प्रश्न: संस्थेच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ मी संगणकावर तयार केले. पडद्यावरचा गडद निळा रंग छापून आल्यावर जांभळट दिसला, पोपटी रंग मळकट झाला आणि आतल्या बारीक काळ्या मजकुराच्या कडांना रंगीत झाक आली. दोष छपाईयंत्राचा की फाइलचा?

उत्तर: तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांचे मूळ बहुधा फाइलमध्येच आहे. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, तर कागदावरची शाई पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते आणि उरलेलाच आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. सायन (हिरवट निळी), मॅजेन्टा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी या चार शायांतून पडद्यावरचे सगळे रंग निघत नाहीत. पोपटी, झगझगीत केशरी आणि विजेसारखा निळा हे त्यांपैकी ठळक. तुमचा पोपटी याच मर्यादेत अडकला. असा रंग हवाच असेल, तर त्याची वेगळी तयार शाई, म्हणजे स्पॉट कलर, वापरावी लागते आणि तिचा खर्च वेगळा असतो.

निळ्याचे तसे नाही. तो सुधारता येतो. सायन आणि मॅजेन्टा दोन्ही शंभर टक्के ठेवले, की निळा हमखास जांभळ्याकडे झुकतो. मॅजेन्टा सायनपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी ठेवावा. त्यासाठी फाइल आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीत) न ठेवता सीएमवायकेमध्ये (चार शायांच्या पद्धतीत) आणून रंगांचे आकडे स्वतः तपासावे लागतात, कारण पडद्यावरच्या रंगावर विसंबून हा निर्णय घेता येत नाही. रूपांतर कोणत्या रंग-प्रोफाइलने, म्हणजे ठरावीक कागद आणि शाईसाठीच्या रंग-नोंदीने, करायचे, हे मात्र मुद्रकालाच विचारावे. चकचकीत आर्ट पेपर आणि शाई शोषणारा साधा कागद यांची प्रोफाइल वेगळी असतात.

मजकुराचे कारण असे, की आरजीबीतला काळा रंग रूपांतराच्या वेळी बऱ्याचदा चारही शायांत विभागला जातो. मग प्रत्येक अक्षर चार प्लेटांवरून एकावर एक छापले जाते, आणि त्यांपैकी एखादी केसभर सरकली तरी कडेला रंग डोकावतो. एवढे सरकणे कुशल कारागिराच्या हातूनही होते, त्यामुळे त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के, ठेवावा आणि ओव्हरप्रिंटवर (खालच्या रंगावरच छापण्याच्या सूचनेवर) लावावा, म्हणजे खालचा रंग कापला जाणार नाही आणि पांढरी फट राहणार नाही. मोठ्या काळ्या पट्ट्याला मात्र नुसती काळी शाई फिकी पडते. तिथे इतर शायांची जोड द्यावी, पण चारही शायांची बेरीज मुद्रकाने सांगितलेल्या मर्यादेत ठेवावी. आर्ट पेपरसाठी ती साधारण ३०० टक्क्यांच्या आसपास असते. त्यापुढे शाई वाळत नाही आणि शेजारच्या कागदाला लागते.

ओव्हरप्रिंटचा विषय निघालाच आहे, तर एक सावधगिरी सांगतो. पांढऱ्या अक्षरांवर ही सूचना चुकून राहिली, तर ती छपाईत पूर्ण नाहीशी होतात. पांढरा म्हणजे शाईचा अभाव. खालचा रंग कापायचाच नाही असे सांगितल्यावर तिथे दिसण्यासारखे काही उरत नाही. पीडीएफ पाहताना ‘ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू’ सुरू केल्याशिवाय हा घोटाळा लक्षातही येत नाही.

प्रश्न: ‘ब्लीड नाही’ म्हणून मुद्रकाने फाइल परत केली. पान तर अचूक मापाचे होते.

उत्तर: अचूक मापाचे होते, हीच अडचण आहे. मोठ्या कागदावर छापलेली पाने गठ्ठ्याने कापली जातात आणि पाते प्रत्येक वेळी नेमके रेषेवर पडत नाही. पार्श्वरंग किंवा छायाचित्र पानाच्या कडेलाच संपत असेल, तर थोड्या फरकानेही पांढरी कड उघडी पडते. म्हणून कडेला भिडणारी प्रत्येक गोष्ट चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवायची. हा वाढीव भाग म्हणजेच ब्लीड. ए५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटरच्या पानाचे चित्र मग १५४ × २१६ होते. उलट, मजकूर आणि बोधचिन्हे कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत ठेवावीत. तयार पान ताणून मोठे करणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण त्यात समासही ताणले जातात.

प्रश्न: छायाचित्र ७२ डीपीआयचे (इंचाला ७२ ठिपके) होते, ते सॉफ्टवेअरमध्ये ३०० केले. तरी धूसर का?

उत्तर: आकडा बदलला, चित्रातली माहिती वाढली नाही. पाहायचे ते पिक्सेल. १२०० पिक्सेल रुंदीचे चित्र ३०० डीपीआयने ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर रुंद छापता येते. तेच २० सेंटिमीटरवर ताणले, तर प्रत्यक्षात १५० डीपीआय उरते. संदेशांतून आलेली छायाचित्रे बहुतेकदा आधीच आकसलेली असतात. मूळ फाइल मागवावी.

प्रश्न: माझ्याकडे नीट दिसणारा मराठी मजकूर मुद्रकाच्या संगणकावर फुटतो.

उत्तर: जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, तो फॉन्ट समोर नसला, की रोमन गिचमीड दिसते. युनिकोडात जोडाक्षरे, रफार आणि वेलांटी जागेवर बसवण्याचे काम सॉफ्टवेअर करते, आणि त्यातली ती सोय बंद असली तर मजकूर विस्कटतो. उघडी फाइल न देता फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी, शक्यतो पीडीएफ/एक्स-४ किंवा मुद्रकाने मागितल्यास पीडीएफ/एक्स-१ए या छपाईसाठीच्या प्रकारांतली. अक्षरांचे कर्व्ह करणे, म्हणजे त्यांचे चित्राकृतींत रूपांतर करणे, हा शेवटचा उपाय. त्यानंतर शुद्धलेखनाची एक चूकही सहज दुरुस्त होत नाही.

प्रश्न: मधोमध पिना मारलेल्या ५० पानी पुस्तिकेची पाने कशी लावून पाठवू?

उत्तर: पिनांच्या बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीत लागते, त्यामुळे ४८ किंवा ५२ करा. जोडपाने (एका कागदावर शेजारी छापली जाणारी पाने) स्वतः लावू नका. पाने क्रमाने आणि सुटी पाठवा, मांडणी मुद्रक करतो.