‘हायब्रिड आहे, याने काही होत नाही’

इंदूरच्या सुदामानगरातल्या एक आई भेटायला आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा 21 वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या बॅगेत सापडलेल्या पाकिटाचा फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. रंगीत छाप, लिंबाचं चित्र, खाली ‘हायब्रिड 60-40’. जाब विचारला तर पोरगा म्हणे, ‘‘हा साधा गांजा नाहीये आई. रंगपंचमीला भांग चालते ना? परदेशात तर डॉक्टर लिहून देतात.’’

‘‘ताई, खरं आहे का हो हे?’’

हा प्रश्न आता बरेच पालक विचारतात. हायब्रिड म्हणजे सटायव्हा आणि इंडिका या गांजाच्या वाणांचा संकर; 60-40 हे त्यांचं पाकिटावर सांगितलेलं प्रमाण. एकाने तरतरी येते, दुसऱ्याने अंग सैल पडतं आणि संकरात दोन्हींचा मेळ बसतो, असं विकणारे सांगतात. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत ही वाटणी टिकत नाही. एकाच नावाच्या दोन पाकिटांतले घटक वेगळे निघतात आणि चोरून विकल्या जाणाऱ्या पाकिटावरचे आकडे तर कुणीच तपासलेले नसतात.

लिंबाचा वास मात्र खरा असतो. तो लिमोनिनचा, जे लिंबाच्या सालीतही असतं. घशाशी मिरीसारखं झणझणतं ते कॅरिओफिलिन. पण नशा येते टीएचसी या घटकाने, आणि ते किती आहे हे वासावरून कळत नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात 1995 साली ते सरासरी 4 टक्के होतं, 2014 मध्ये 12 टक्क्यांच्या आसपास. मुलं आज जे ओढतात ते बहुधा त्यांच्या काकांनी कॉलेजात ओढलेल्यापेक्षा बरंच कडक असतं.

भांगेचं म्हणाल तर अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत, म्हणून भांगेची परवानाधारक दुकानं दिसतात. ही कायद्याची सोय झाली. टीएचसी भांगेतही असतंच. औषधाचं म्हणणं अर्धं खरं आहे: लहान मुलांच्या काही दुर्मीळ अपस्मारांसाठी (फिट येण्याच्या आजारांसाठी) अमेरिकेने 2018 मध्ये याच झाडातल्या कॅनाबिडिओल या घटकाच्या औषधाला मान्यता दिली, पण त्या घटकाने नशा येत नाही आणि मात्रा डॉक्टर मोजून देतात.

मुलगा नंतर एकटा आला. मी त्याच्याशी वाद घातला नाही, ‘‘काय मिळतं रे तुला यातून?’’ एवढंच विचारलं. तो मोकळेपणाने बोलला. आधी हसू येतं, गाणं लांबल्यासारखं वाटतं, तोंड कोरडं पडतं, मग सपाटून भूक. ‘‘आता तसं काही होत नाही. ओढल्याशिवाय झोप येत नाही, म्हणून ओढतो.’’ मध्ये सोडून पाहिलं तर चिडचिड झाली, विचित्र स्वप्नं पडली, म्हणून पुन्हा सुरू. हे सोडण्याचेच त्रास. पहिल्या आठवड्यात जोर असतो, साधारण दोन आठवड्यांत बरेचसे ओसरतात. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मला खरी काळजी वाटली ती आईंच्या एका वाक्याने. निघता निघता त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, पण त्याचा इथे काय संबंध?’’ संबंध फार मोठा आहे. रक्ताच्या नात्यात असा आजार असेल तर जास्त टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्याला मनोविकृतीचा, म्हणजे भास होण्याचा, खोटे संशय येण्याचा धोका वाढतो आणि तरुण वयात तो आणखी गंभीर. मुलाला विचारल्यावर कळलं, अलीकडे हॉस्टेलची मुलं आपल्यावरच बोलतात असं त्याला वाटायचं. त्याच आठवड्यात मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

बाबांना पोलिसांची धास्ती होती. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात, त्याच 1985 च्या कायद्याचं 64-अ कलम खटल्यापासून संरक्षण देतं. शिवाय रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. भीतीपोटी उपचार लांबवू नका. कुणाला विचारावं हेच सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

मुलगा आता ओढत नाही. मित्र कुजबुजतात हा संशय ओसरला आहे, झोप अजून अपुरी आहे. मामांच्या आजाराबद्दल घरात आता त्याच्यासमोर बोललं जातं आणि डॉक्टरांकडची पुढची तारीख तो स्वतःच लक्षात ठेवतो.