मेपल सिरपसाठी जुनं इव्हॅपोरेटर घ्यावं का? घेताना काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की व्हर्माँटमध्ये घराभोवतीची मेपलची 80 झाडं टॅप करणार आहात (खोडाला भोक पाडून आतला गोडसर रस, म्हणजे सॅप, काढणार) आणि जवळच्या एका शेतकऱ्याकडे लाकडावर चालणारं 2 बाय 6 फुटांचं इव्हॅपोरेटर (सॅप आटवायचं यंत्र) पडून आहे, आर्च (पॅनखालची भट्टी), दोन्ही पॅन, धुराडं सगळं एकत्र देतोय. साइज तुम्हाला बरोबर आहे. पण पॅन कधीचे आणि कशाने जोडलेत ते लिहिलेलंच नाहीये, आणि खरा सौदा तिथेच आहे.

1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत पॅनचे जोड सर्रास शिसं असलेल्या सोल्डरने करायचे. गॅल्व्हनाइज्ड आणि जुने कथलाचे पॅन तर नकोच, पण स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्या काळातले स्टेनलेसचे पॅनसुद्धा सोल्डर केलेले असतात. सॅप तासन् तास त्यात उकळतो, शेवटी आटून घट्ट होतो आणि ते शिसं सिरपमध्ये उतरतं, जे आपली मुलं खाणार. जोड नीट बघा. वेल्डिंग असेल तर बारीक खवल्यांसारखी अरुंद रेघ दिसते, सोल्डर असेल तर राखाडी, गुळगुळीत, रुंद पट्टा. शंका असेल तर शिसं तपासायचे स्वॅब मिळतात, आधी जोडावरचा पांढरा थर घासून काढा आणि मग लावा. पॉझिटिव्ह आलं तर माझं स्पष्ट मत, पॅनचे शून्य पैसे धरा, फक्त आर्चचा भाव करा आणि नवीन वेल्डेड पॅन बनवून घ्या. कोणी म्हणेल आमच्या आजोबांपासून याच पॅनमध्ये करतोय काही झालं नाही, ऐकू नका.

पॅन चांगले निघाले तर दोन्हीत पाणी भरून तासभर ठेवायला सांगा, मालकाला राग आला तरी चालेल. मागच्या फ्ल्यू पॅनची (तळाला खोल पन्हळी असतात, त्याच फ्ल्यू) एक खोड असते, सीझन संपल्यावर कोणी पाणी तसंच ठेवलं आणि ते गोठलं की फ्ल्यू फुगतात नाहीतर उसवतात, म्हणून खाली वाकून टॉर्चने प्रत्येक फ्ल्यू बघा. पुढच्या सिरप पॅनचा तळ वर-खाली झालेला असेल तर तो कधीतरी कोरडा जळलाय, तिथे सिरपची पातळी सगळीकडे सारखी राहत नाही आणि पुन्हा करपायची भीती. फ्लोट (पॅनमधली पातळी राखणारा) आणि ड्रॉ-ऑफ व्हॉल्व (तयार सिरप काढायची तोटी) सोबत आहेत ना ते विचारा, हे सुटे भाग शोधत बसायला लागतात.

आर्चचं एवढं टेन्शन घेऊ नका. फायरब्रिक फुटलेत, जाळी जळलीये, दार वाकलंय, हे सगळं दुरुस्त होतं. फक्त पॅन ज्या कडेवर बसतात ती गंजून गेली असेल तर सोडून द्या.

आता क्षमता. साधारण 2 टक्के साखरेच्या सॅपला 1 गॅलन सिरपसाठी 43 गॅलन सॅप लागतो (86 ला साखरेच्या टक्क्यांनी भागायचं, इकडचा जुना हिशोब). आपल्याकडे गुऱ्हाळात काहिलीचा तळ सपाट चालतो कारण उसाचा रस मुळातच गोड, 18-20 ब्रिक्सच्या, म्हणजे ढोबळमानाने तितक्या टक्के साखरेच्या, आसपास. इथे जवळजवळ सगळं पाणीच उडवायचंय म्हणून फ्ल्यू लागतात, त्याने आच लागायची जागा कितीतरी पटीने वाढते. फ्ल्यू पॅन असलेल्या इव्हॅपोरेटरमधून एकूण दर चौरस फुटाला तासाला साधारण 2 गॅलन उडतं, सपाट पॅनमध्ये त्याच्या निम्मं. म्हणजे तुमचं 12 चौरस फुटांचं तासाला 24-25 गॅलन उडवेल, आणि 80 टॅपचा चांगला दिवस 100 गॅलनच्या आसपास धरला तर चार-साडेचार तासांत उरकेल. याच्याहून मोठं कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, पॅन भरण्यातच तुमचा सॅप संपेल आणि सिरप बाहेर यायचं नाव घेणार नाही.

आणि फेब्रुवारीत घाईने घेऊ नका, तेव्हा सगळ्यांनाच हवं असतं. एप्रिल संपला की मोठे सिरप उत्पादक आपलं जुनं काढतात, मे-जूनमध्ये भाव नीट होतो आणि पॅन बदलायला पुढच्या सीझनपर्यंत आठ-नऊ महिने हातात मिळतात. यंदा हौस असेलच तर दहा-बारा झाडं टॅप करा आणि अंगणात विटांच्या चुलीवर स्टेनलेसच्या साध्या ट्रेमध्ये आटवा, घरात नको, वाफेने भिंती चिकट होतात.

जोडांचे जवळून काढलेले फोटो इथे टाकलेत तर बघून सांगतो.