राहत्या घरात वुडन फ्लोअरिंग करताना धूळ होऊ नये म्हणून ट्रॅक सॉवाल्या फिटरला जास्त पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: बाणेरच्या फ्लॅटमध्ये राहूनच तीन खोल्यांत लाकडी फ्लोअरिंग करायचंय, घरात लहान बाळ आहे. एक फिटर ट्रॅक सॉ (सरळ पट्टीवरून, म्हणजे रेलवरून, सरकणारी विजेची करवत) आणि व्हॅक्यूम घेऊन येतो म्हणून जास्त मागतोय, दुसरा म्हणतो कटरवर सगळं होतं, बाल्कनीत कापू. घ्यायचाच तर कुठला ट्रॅक सॉ, हेही तुम्ही विचारलंय.

द्या जास्तीचे पैसे. फक्त ते करवतीचे समजू नका, व्हॅक्यूमचे समजा. व्हॅक्यूमची नळी न जोडलेला ट्रॅक सॉसुद्धा घरभर भुसा उडवतोच.

मी पुण्यात हेच काम करतो आणि "बाल्कनीत कापू" हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. बाल्कनीत वारा असतो, तो अर्धा भुसा सरकत्या दारातून आत आणतो आणि अर्धा खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टाकतो. प्रत्येक फळीचं माप घेऊन माणूस आत-बाहेर करतो, त्याच्या पायाला लागून उरलेला भुसा घरात येतो. आणि कापणारा पोरगा? तो तोंडाला रुमाल बांधून दिवसभर त्यातच बसलेला असतो. त्याचा हिशोब कुणीच करत नाही.

कोथरूडला एका जुन्या इमारतीत असंच काम आलं होतं. हॉल आणि दोन बेडरूम, १४ मिलिमीटरचं इंजिनिअर्ड ओक, म्हणजे वर खऱ्या ओकचा थर आणि खाली लाकडाचेच चिकटवलेले थर. घर रिकामं करणं शक्य नव्हतं, कारण आतल्या खोलीत आजी होत्या, त्यांना दमा, उशाशी नेब्युलायझर. काम एका इंटिरियर डिझायनरमार्फत आलेलं. मी अंदाजपत्रकात फळ्या, फोम, स्कर्टिंग, मजुरी आणि त्याखाली "धूळ नियंत्रण" अशी वेगळी ओळ लिहिली होती. त्यांनी घरच्यांच्या देखत ती ओळ खोडली. म्हणाले, "अरे, हे जर्मनीत ठीक आहे. इथे कामवाल्या मावशी येतात, ओल्या फडक्यानं पुसतात, विषय संपला."

मी म्हटलं, मग काम दुसऱ्या कुणाला द्या. सूनबाईंनी मला थांबवलं आणि विचारलं, त्या ओळीत नक्की काय येतं?

त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. आपल्याकडे सुतार ज्याला कटर म्हणतात तो मुळात मार्बल कटर. त्याला चार इंची लाकडाचं पातं लावतात. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, पातं खालून उघडं, भुसा ओढून घ्यायची सोय शून्य. फडक्यानं पुसला जातो तो जाड भुसा, तो जमिनीवर पडतो आणि दिसतो. त्रास देणारी धूळ दिसत नाही. ती तासन् तास हवेत तरंगते आणि छातीत जाते. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये. लॅमिनेट फ्लोअरिंगच्या पोटात एचडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड असतो, त्याची धूळ तर पिठासारखी असते आणि तिच्यात फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो. माझे वडील भवानी पेठेत टिंबर मार्केटला आरा मशीनवर होते. सागाचं काम असलं की रात्री त्यांचा रुमाल तांबूस झालेला असायचा आणि आई तो बाकीच्या कपड्यांपासून वेगळा भिजवायची. फडक्यानं पुसून विषय संपतो असं मला कुणी सांगू नये.

सूनबाई म्हणाल्या, ती ओळ राहू द्या, आम्ही देतो.

पहिल्या दिवशी लाकडाला हातच लावला नाही. हॉलच्या दारापाशी कोबा उंच होता, तो ग्राइंडरनं उतरवायचा होता. लोक लाकडाच्या धुळीबद्दल विचारतात, पण फ्लोअरिंगमधली सगळ्यात वाईट धूळ ही असते. सिमेंट-वाळूत सिलिका असते आणि बारीक स्फटिकी सिलिकाही १९९७ पासून त्याच पहिल्या गटात आहे. ग्राइंडरला धूळ अडवणारं घेराचं झाकण (हूड) लावलं, नळी जोडली, आतल्या खोलीच्या दाराला जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवलं आणि हॉलच्या खिडकीत पंखा बाहेर तोंड करून ठेवला. तुमच्या फिटरला आधी हेच विचारा की जमीन घासायची वेळ आली तर तो काय करणार. तिथे गप्प बसला तर त्याचा ट्रॅक सॉ कितीही चांगला असो, मला तो नको.

मग कापणं. ट्रॅक सॉमध्ये पातं झाकणाच्या आत असतं आणि भुसा थेट नळीच्या तोंडाकडे फेकला जातो, म्हणून तो धुळीला चांगला. फळीखाली मी एक्सपीएस फोमचा, म्हणजे दाणे न सुटणाऱ्या घट्ट फोमचा बोर्ड ठेवतो. पातं त्यात दोन-तीन मिलिमीटर शिरतं, खालची बाजू बंद राहते आणि भुसा खाली सांडत नाही. (थर्मोकोल ठेवू नका, त्याचे दाणे सगळीकडे होतात.) फळी अरुंद, रेल जवळजवळ तिच्याएवढीच रुंद. म्हणून शेजारी त्याच जाडीचा तुकडा टेकवावा लागतो, नाहीतर रेल डुगडुगते आणि काप तिरका जातो. शेवटच्या ओळीत या यंत्राची खरी किंमत कळते. कोथरूडच्या त्या हॉलची भिंत एका टोकाला ६२ मिलिमीटर पट्टी मागत होती, दुसऱ्या टोकाला ४८. दोन खुणा केल्या, रेलची रबरी कड खुणांवर ठेवली, एक काप, कडेला चिरफळी नाही. कटरनं हे होतं, पण नंतर कड घासत बसावं लागतं, म्हणजे पुन्हा धूळ.

त्या सकाळी मी काळ्या लॅमिनेटचा एक तुकडा आजींच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला होता. संध्याकाळी सूनबाईंना म्हटलं, बोट फिरवून बघा. त्यांनी फिरवलं, तुकडा तिरका करून दिव्याखाली धरला. बोटाची रेघ उठली नाही. डिझायनर दोन दिवसांनी आले, तोच तुकडा बघितला आणि म्हणाले, "लाकूड चांगलं होतं म्हणून." त्यांनी पुढची कामं मला दिली नाहीत. मला आजही वाटतं, त्यांनी ती ओळ खोडायला नको होती आणि घरच्यांसमोर तर नाहीच नाही. पैसे देणाऱ्यानं ठरवायची गोष्ट ती. तुमच्याकडेही मधे कुणी डिझायनर असेल तर अंदाजपत्रक थेट फिटरकडून मागवा आणि धुळीची ओळ वेगळी आहे का बघा. "सगळं धरून" असं लिहिलं असेल तर त्यात धूळ धरलेली नसते.

व्हॅक्यूमबद्दल नीट वाचा. घरातला झाडू-पोछावाला व्हॅक्यूम चालत नाही, त्याचा फिल्टर एचडीएफच्या पिठानं लगेच तुंबतो. धूळ अडवण्याच्या दर्जात एम क्लासचा असेल तर उत्तम. ओढलेल्या धुळीपैकी ०.१ टक्क्यापेक्षा कमी बाहेर सोडायची अशी त्याला अट असते, एल क्लासला ती १ टक्का असते. एम क्लासचा ओढा कमी झाला की तो इशाराही देतो. करवत सुरू केली की आपोआप सुरू होणारा असावा, नाहीतर पोरं तो चालू करायचा कंटाळा करतात, हे मी रोज बघतो.

कुठला ट्रॅक सॉ हे तुम्ही शेवटी विचारलंय. स्वतः विकत घेऊ नका, तीन खोल्यांसाठी वेडेपणा आहे. फिटरकडे मकिता, बॉश, फेस्टूल यातलं काहीही असलं तरी चालेल, पातं धारदार आणि ४८ दात्यांच्या आसपासचं असावं. लॅमिनेटच्या वरच्या थरात अॅल्युमिनियम ऑक्साइड असतो, तो पात्याची धार खातो. बोथट पातं लाकूड जाळतं, जळका वास आला की काम थांबवायला सांगा.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. ट्रॅक सॉ म्हणजे शून्य धूळ नव्हे. नुसती पाच मिलिमीटर कड छिलताना पात्याची एक बाजू उघडी पडते आणि भुसा बाहेर येतो. आडवे काप बहुतेक जण मायटर सॉवर, म्हणजे वरून खाली दाबायच्या टेबलावरच्या करवतीवर मारतात आणि त्याला नळी जोडली तरी बराच भुसा मागे उडतोच, तेवढ्यासाठी कोपऱ्यात प्लास्टिकचा तंबू लागतो. दाराच्या चौकटीखालचे काप मल्टीटूलनं, म्हणजे थरथरणाऱ्या छोट्या पात्याच्या यंत्रानं होतात, तिथे नळी हातात धरून दुसरा माणूस उभा राहावा लागतो. बाळाला जमीन घासायच्या दिवशी तरी नातेवाइकांकडे न्या, माझ्यासारखा फिटर असला तरी न्या. आणि तुम्ही नुसतं "वुडन" लिहिलंय. दुकानदार त्या नावाखाली एसपीसीही विकतात, म्हणजे चुनखडीची भुकटी आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या. ते एसपीसी निघालं तर त्याच्या फळ्या सुरीनं रेघ मारून मोडता येतात, तिथे ट्रॅक सॉचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. उलट एसपीसी करवतीनं कापलं तर चुनखडीची पांढरी भुकटी उडते. तेव्हा आधी खोक्यावर काय लिहिलंय ते बघा आणि मग दोघांचे दर पुन्हा मागवा.