गट नंबर ४५/१ आणि ते उद्गारचिन्ह

पोरी,

तुझा कोड काल रात्री बघितला, लातूरला लाईट गेली होती म्हणून मोबाईलवरच वाचत बसलो. आडत दुकानाच्या पट्ट्यांचं ॲप चांगलं जमवायलीस, पण कंट्रोलरमध्ये, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टचं काय करायचं ते ठरवणाऱ्या कोडमध्ये, पॅराम्स, म्हणजे रिक्वेस्टसोबत येणारी माहिती, जशी घ्यायलीस ते बघून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी तुझी अडचण. गट नंबर ४५ टाकला की पान उघडतं अन् ४५/१ टाकला की ४०४, म्हणजे पान सापडलं नाही, असं येतं म्हणलीस. अगं, आपल्याला तो पोटहिस्सा दिसतो, पण राउटरला, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठला कोड चालवायचा ते ठरवणाऱ्या भागाला, ती तिरपी रेघ म्हणजे यूआरएलचा पुढचा तुकडा वाटते. तुझ्या राउटमध्ये नंबरला एकाच तुकड्याची जागा आहे, ४५ तिथं बसला अन् १ ला राउटच नाही. एनकोड करून पाठवता येतं, पण मधला सर्व्हर कधी कधी ते आधीच उघडून टाकतो, त्यामुळं मी असलं काही यूआरएलच्या वाटेत ठेवतच नाही, प्रश्नचिन्हाच्या पुढं क्वेरी स्ट्रिंगमध्ये टाकतो नाहीतर सरळ रेकॉर्डचा आयडी वापरतो.

आता हे नीट समजून घे. रेल्समध्ये, म्हणजे तुझं ॲप ज्या फ्रेमवर्कवर आहे त्यात, राउटमधले तुकडे, क्वेरी स्ट्रिंग आणि फॉर्मचा मजकूर, तिन्ही एकाच पॅराम्समध्ये येऊन पडतात, नाव सारखं असलं तर राउटमधलं टिकतं. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये राउटमधलं व्ह्यू फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून येतं अन् बाकीचं गेट आणि पोस्ट अशा वेगळ्या डब्यांत राहतं. पण कुठंही जा, यूआरएलमधून आणि साध्या फॉर्ममधून येतं ते सगळं टेक्स्ट. तुझ्या बेरजेत १२ क्विंटल आणि ५ क्विंटल मिळून १२५ होतात ते त्याच्यामुळं, आधी आकड्यात बदलून घे. अन् हमालीचा चेकबॉक्स टिक केला नाही तर ब्राउझर शून्य पाठवत नाही, काहीच पाठवत नाही. रेल्सचा फॉर्म हेल्पर त्यासाठीच आधी शून्याचं एक लपलेलं फील्ड घालतो, तू हातानं एचटीएमएल लिहिलंस म्हणून ते राहिलं.

आता खरी काळजी. पट्टी अपडेट करायच्या ॲक्शनमध्ये, म्हणजे कंट्रोलरमधल्या त्या कामाच्या फंक्शनमध्ये, तू परमिट लिहून पुढं उद्गारचिन्ह (permit!) दिलंयस. त्याचा अर्थ, येईल ते सगळं घे. फॉर्ममध्ये तीनच फील्ड दिसतात हे खरं, पण रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला तुझा फॉर्म लागतच नाही, तो 'मंजूर' हे चौथं नाव स्वतः घालून पाठवू शकतो अन् तुझ्या टेबलात तो कॉलम आहे.

माझ्याकडून हे झालंय. बियाणं बुकिंगच्या एका कामात दर मी लपलेल्या फील्डमधून परत घेत होतो, एकानं तो बदलून पाठवला अन् कमी दराच्या पावत्या निघाल्या, दोन दिवस आम्ही हातानं हिशोब जुळवत बसलो. शेतकऱ्याला फोन करून पावती चुकली सांगताना जे वाटलं ते अजून विसरलो नाही. मार्च २०१२ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एकानं याच जातीच्या चुकीतून रेल्सच्याच रिपॉझिटरीत शिरून दाखवलं होतं, नंतर २०१३ च्या रेल्स ४ मध्ये स्ट्राँग पॅरामीटर्स, म्हणजे परवानगी दिलेलीच नावं आत घ्यायची सोय, आली. ते उद्गारचिन्ह ती सगळी सोय बंद करतं.

तेव्हा प्रत्येक ॲक्शनमध्ये नावं मोजून लिही, वजन, माल, हमाली, बस. दर आणि मंजुरी सर्व्हरनं स्वतः डेटाबेसमधून काढायची. कंटाळा येतो, नवा कॉलम वाढवला की तिथं लिहायचं राहतं अन् सेव्ह का होईना म्हणून तासभर जातो, पण तो तास जाऊ दे.

शनिवारी मी उदगीरला येणार आहे. तोवर आधी पट्टीच्या ॲक्शनमधलं परमिट बदल, मग चौथं फील्ड घालून कर्ल या कमांडनं स्वतः रिक्वेस्ट पाठव अन् लॉगमध्ये 'अनपरमिटेड', म्हणजे परवानगी नसलेलं, असं दिसलं का ते मला फोन करून सांग.

तुझा काका